सात नंबरच्या मशीनची शेपूट

ओव्हाळबाईंनी माझ्याकडे मागितलेली पहिली वस्तू म्हणजे दाढीचं ब्लेड.

सकाळचे सात वाजले होते. दार उघडलं तर समोर साठीच्या एक उंच, हाडकुळ्या बाई. कडक इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, त्यावर खाकी कोट, कोटाच्या खिशातून डोकावणारी स्टीलची पट्टी. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"तुम्ही दाढी करता ना?"

मी गालावरून हात फिरवून खात्री केली. "करतो."

"मग एक ब्लेड द्या. कोरं. वापरलेलं नको."

मी दिलं. बाईंनी ते उजेडात धरलं, एक डोळा मिटून त्याच्या धारेवरून लांबवर पाहिलं, "चालेल" म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. मंगल, म्हणजे माझी बायको, आतून सगळं ऐकत होती. "एकटी बाई, आठ दिवस झाले राहायला येऊन, सकाळी सातला ब्लेड मागते. तुम्ही सेक्रेटरी ना सोसायटीचे? जा, बघा जरा."

सेक्रेटरीपदाबद्दल इथेच सांगून टाकतो. लोणावळ्यातल्या आमच्या सोसायटीत बारा फ्लॅट. त्यातले आठ शनिवार-रविवारपुरते उघडतात. उरलेल्या चारांत मी एकटाच असा की ज्याला नाही म्हणता येत नाही. शाळेत हेडक्लार्क म्हणून अख्खी नोकरी केली, निवृत्त झालो, तर लोकांनी हे गळ्यात बांधलं. चेअरमन मुंबईत राहतात आणि फोनवरून सोसायटी चालवतात. सह्या मी करतो.

तर मी खाली गेलो. बाईंनी फ्लॅटबरोबर घेतलेल्या गॅरेजमध्ये गाडी नव्हती. तिथे एक लेथ मशीन होतं. साधारण चार फुटांचं, हिरवा रंग जागोजागी उडालेला, अंगावर पांढऱ्या रंगात मोठा सातचा आकडा. मशीनच्या दोन लोखंडी टोकांच्या मध्ये माझं ब्लेड चिमटीत धरावं तसं उभं होतं. उभं म्हणजे तिरकं.

"बघा," बाई म्हणाल्या, जणू मी येणार हे ठरलेलंच होतं. "ब्लेड वाकडं राहिलंय. म्हणजे शेपूट डोक्याच्या रेषेत नाही."

मग त्यांनी मला लेथ समजावून सांगितलं. डावीकडे मशीनचं डोकं. ते सळई धरून गरागरा फिरवतं. उजवीकडे शेपूट. ती फिरत नाही, नुसता सळईच्या दुसऱ्या टोकाला टेकू देते. डोक्याचं टोक आणि शेपटीचं टोक एका रेषेत नसेल, तर कापलेली सळई दिसायला सरळ, पण एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक होते. कारखान्यात त्या शेपटीला टेलस्टॉक म्हणतात. बाईंनी एका प्रशिक्षण संस्थेत अठ्ठावीस वर्षं मावळातल्या पोरांना टर्नरचं काम शिकवलं होतं. पोरांना पहिल्या दिवशी टेलस्टॉक म्हटलं तर ती घाबरतात, शेपूट म्हटलं की हसतात आणि लक्षात ठेवतात. म्हणून शेपूट.

पण ही शेपूट मशीनपुरती राहिली नव्हती. बाईंनी सगळ्या मनुष्यजातीला ती लावली होती.

"डोकं सगळ्यांचं सरळच असतं, सेक्रेटरी. शेपूट बघायची असते." हे त्यांचं वाक्य मी त्या सहा महिन्यांत निदान दोनशे वेळा ऐकलं. वॉचमन वेळेवर येतो, पण दुपारी झोपतो: शेपूट बाहेर. पुढारी भाषण छान करतो: शेपूट बघा. माझ्या भाचीला स्थळ आलं, मुलगा पुण्यात मोठ्या पगारावर, मंगलने कौतुकाने फोटो दाखवला. बाईंनी फोटो हातभर लांब धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाल्या, "डोकं ठीक आहे." मंगल त्यांच्याशी चार दिवस बोलली नाही.

मोजायचं तर त्यांना व्यसनच होतं. एकदा बाजारात माझ्याबरोबर चिक्की घ्यायला आल्या. दुकानदाराने पुडा दिला. बाईंनी तिथेच तो फोडला, कोटातून मोजपट्टी काढली आणि दोन वड्या मोजल्या. "एक सात मिलिमीटर, एक पाच. लाटण झिजलंय तुमचं एका बाजूला." मागे पर्यटकांची रांग. दुकानदार हात जोडून म्हणाला, "बाई, लोक खातात हो, मोजत नाहीत." बाई म्हणाल्या, "म्हणूनच तुमचं चालतं." पुडा मात्र घेतला. दुकानदार फुकट देत होता, तरी पैसे देऊन.

माणसांशी त्यांचं फार जमत नसे, आणि ते जमावं असा प्रयत्नही नसे. संस्थेतल्या लोकांबद्दल बोलायला लागल्या की तोंडात जणू लोखंडाचा कीस. मूळच्या तळेगावजवळच्या इंदुरीच्या. वडील धरणाच्या कामावर मुकादमाच्या हाताखाली होते. बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत बसून शिकल्या, तुकडीत पंचवीस मुलगे आणि या एकट्या. पुढं शिकवायला लागल्या, तरी नवा साहेब आला की पहिल्यांदा विचारायचा, "बाई, थिअरी तुम्ही घ्याल, पण मशीन कोण चालवणार?" असे पाच साहेब आले आणि गेले. पाचांनाही बाईंनी एकच उत्तर दिलं: मशीन चालू केलं.

आता तड्याची गोष्ट. ती माझ्या अब्रूची आहे, पण सांगायलाच हवी.

आमच्या पार्किंगच्या भिंतीला एक तडा आहे. सात-आठ वर्षं तो तिथेच आहे. चेअरमनसाहेबांचा फोन आला, "त्या बाईंच्या मशीनमुळे पडला असं लिहा. शनिवारी आमचे पाहुणे येतात, आवाज नको." मी लिहिलं. हेडक्लार्क माणूस, भाषा हाताला चिकटलेली. "आपल्या यंत्राच्या कंपनांमुळे इमारतीस तडा गेल्याचे निदर्शनास आले आहे, तरी सदर यंत्र पंधरा दिवसांत हलविण्यात यावे." खाली सही, शिक्का.

दुसऱ्या दिवशी बाई नोटीस घेऊन वर आल्या. भांडल्या नाहीत. "खाली या," म्हणाल्या.

खाली त्यांनी तड्यावर एक डायल लावून ठेवली होती. घड्याळासारखी चकती, एक काटा. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढं काही हललं तरी काटा सरकतो. मला स्टुलावर बसवलं आणि मशीन चालू केलं. काटा जागचा हलला नाही. बंद केलं. हलला नाही. परत चालू, परत बंद. एक तास. तेवढ्यात चेअरमनसाहेबांच्या पाहुण्यांची भलीमोठी गाडी उतारावरून दणकन खाली आली. काटा दोन घरं थरथरला.

"लिहा आता," बाई म्हणाल्या. "तडा पाहुण्यांमुळे."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"हा तडा जुना आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग सही का केलीत?"

मी म्हणालो, "वरून सांगितलं."

आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी मान खाली घातली.  पण बाई अगदी हळू म्हणाल्या, "असंच होतं." आणि पाठ फिरवून डायल पुसायला लागल्या. मला ते विचित्र वाटलं. ज्या बाईने चिक्कीच्या दोन मिलिमीटरसाठी दुकानदाराला सोडलं नाही, तिने मला एवढ्यावर सोडावं?

त्या दिवशी मी नोटीस मागे घेतली. सेक्रेटरी झाल्यापासून स्वतःच्या अकलेने केलेलं ते माझं पहिलं काम. चेअरमनसाहेब फोनवर बरंच बोलले. मी ऐकून घेतलं. ऐकून घ्यायची सवय होतीच.

त्यानंतर मी बाईंचा काटा वाचणारा झालो. त्या शेपटीच्या बुडाशी वाकून पाना फिरवायच्या, मी टॉर्च धरून काट्याचे आकडे ओरडायचो. शेपटीच्या बुडाला दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. एक सैल करायचा, दुसरा आवळायचा, की शेपूट केसभर इकडे किंवा तिकडे सरकते. ऐकायला सोपं. पण शेपूट झिजून खालीही बसली होती. मग तिच्याखाली पितळेची कागदासारखी पत्री कापून घालायची. ती घातली की उंची जमायची आणि बाजू बिघडायची. बाजू जमवली की उंची. आमच्याकडचा पावसाळा म्हणजे कपाटातल्या चपलेलाही बुरशी. त्यामुळे मशीनवर ताडपत्री आणि ताडपत्रीखाली दिवसरात्र एक पिवळा बल्ब. गंज धरू नये म्हणून. मंगल म्हणायची, "बाळंतिणीची खोली आहे का ती?"

सगळ्यात छळवाद लॉकचा. शेपूट जागेवर घट्ट बसावी म्हणून तिच्यावर एक लॉक असतो. सैल असताना दोन्ही टोकं एका रेषेत यायची. लॉक आवळला की शेपूट थोडी सरकायची. मी म्हणालो, "आमच्या चेअरमनसारखं आहे. फोनवर एक, मीटिंगमध्ये आवळलं की दुसरंच." बाई हसल्या. सहा महिन्यांत त्या एकूण दोनदा हसल्या, त्यातलं हे एक. लॉकचा बोल्ट आणि खालची पट्टी त्यांनी पहिल्याच आठवड्यात नवी करून घातली होती. जुना बोल्ट मात्र टाकला नाही. फडक्यात गुंडाळून खणात ठेवला होता.

गणपती गेले, दिवाळी गेली, भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची गर्दी ओसरली, थंडी पडली. आणि जानेवारीत एका दुपारी जमलं. फूटभर लांबीची सळई दोन टोकांमध्ये धरून कापली, दोन्ही बाजूंना मोजली. एकच आकडा. बाईंनी मला मोजायला लावलं. एकच आकडा. मी वर जाऊन मंगलला सांगितलं, तिने शिरा केला. तोपर्यंत तिलाही त्या शेपटीची काळजी लागली होती.

बाईंनी शिरा दोन चमचे खाल्ला आणि म्हणाल्या, "उद्या परत मोजू."

दुसऱ्या दिवशी मोजलं. तोच आकडा. संध्याकाळी मी काही कामाने खाली गेलो, तर बाई वाकून दोन्ही स्क्रू सैल करत होत्या.

"अहो, हे काय? जमलं होतं ना?"

"सळई गरम असताना मोजली होती. गरम असली की आकडा खोटा येतो."

परत सुरुवात. आठ दिवसांनी परत जमलं. परत त्यांनी सैल केलं. या वेळी म्हणे पत्री बदलायची होती. तिसऱ्या वेळी मात्र माझं डोकं फिरलं. मी टॉर्च खाली ठेवला.

"बाई, सहा महिने झाले. या मशीनवर तुम्ही साधं लाटणंसुद्धा केलं नाहीत. ते सरळ करून तुम्हाला करायचंय तरी काय?"

बाईंनी पाना पुसला. जागेवर ठेवला. मग स्टुलावर बसल्या. त्यांना बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"हे मशीन आमच्या संस्थेतलं आहे," त्या म्हणाल्या. "भंगारात निघायची मी वाट बघत होते. निघालं, तळेगावच्या भंगारवाल्याने उचललं, त्याच्याकडून मी आणलं."

आणि त्यांनी सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी संतोष येवले नावाचा एक विद्यार्थी होता. कामशेतच्या पुढचा. सतरा वर्षांचा. "त्याच्या हातात माप होतं. त्याची सळई मी मोजत नव्हते," बाई म्हणाल्या. मी चमकलो. चिक्की मोजणारी बाई हे म्हणत होती. "सात नंबरचा लॉक धरत नव्हता. मी तीनदा लेखी दिलं. साहेब म्हणाले, वापरा हो, आपल्याला कुठं उत्पादन काढायचंय? मी वापरलं. एक दिवस संतोष काम करत असताना शेपूट मागे सरकली, फिरती सळई सुटली आणि त्याच्या उजव्या मनगटावर बसली. हाड जुळलं. तीन बोटं परत मिटली नाहीत."

"मग?"

"मग चौकशी. अहवाल तयार होऊनच आला. विद्यार्थ्याने लॉक न लावता निष्काळजीपणे काम सुरू केले. खाली माझ्या सहीची जागा. मी म्हटलं, मी तीन कागद दिलेत. साहेब म्हणाले, फाइलमध्ये तर नाहीत."

"तुमच्याकडे प्रती नव्हत्या?"

"होत्या. पर्समध्ये होत्या. सही करताना पर्स माझ्या मांडीवरच होती."

बाहेर कुणाची तरी गाडी वळत होती. ती जाईपर्यंत बाई थांबल्या.

"तेव्हा मी हंगामी होते. कायम करायचा कागद वर गेला होता. घरात मिळवणारी मी एकटी. तीन आठवड्यांनी कागद आला. आईने इंदुरीत पेढे वाटले. संतोषच्या दाखल्यावर शेरा पडला, निष्काळजी. त्याला कुठल्याच कंपनीने उभं केलं नाही. आणि पुढं गंमत बघा, सेक्रेटरी. मला हळूहळू पटायला लागलं, की खरंच त्याने लॉक लावला नसेल. पोरं विसरतात. वर्षभरात मी अगदी खात्रीने सांगायला लागले, नव्या पोरांना उदाहरण म्हणून. लॉक लावा, नाहीतर त्या येवलेसारखं होईल."

"आणि आता?"

"त्या दिवसापासून हे मशीन कोपऱ्यात पडून होतं. कुणी हात लावला नव्हता. इथं आणल्यावर पहिल्याच दिवशी, काहीही दुरुस्त न करता, मी लॉक जीव खाऊन आवळला आणि कापायला घेतलं. चौथ्या मिनिटाला शेपूट सरकली." त्यांनी खणातून तो फडक्यातला बोल्ट काढून माझ्या हातात दिला. त्याचे आटे झिजून गुळगुळीत झाले होते. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"मग हे सहा महिने?"

"मशीन नीट झालं की त्याच्याकडे जायचं ठरवलं होतं," बाई म्हणाल्या. "म्हणून ते नीट होऊ देत नव्हते."

 मीही सह्या करत आलेला माणूस. मी म्हणालो, "आपण लिहून काढू." मला तेवढंच येतं.

मी मसुदा केला. "तांत्रिक बिघाडामुळे सदर अपघात घडला असण्याची शक्यता नाकारता येत नाही." बाईंनी तो वाचला, एक आडवी रेघ मारली आणि माझ्याच पेनाने खाली लिहिलं. 'मशीनचा लॉक धरत नव्हता. मला माहीत होतं. मी तीन वेळा लिहून दिलं होतं. संतोष येवले याची काहीही चूक नव्हती. मी खोट्यावर सही केली.' खाली नाव. जुन्या तीन प्रती त्याला टाचल्या. एक संच संस्थेला रजिस्टरने पाठवला. त्याची नुसती पोच आली, उत्तर आलं नाही, येणारही नाही. शेपूट पुन्हा एकदा जमवली, या वेळी स्क्रू सैल केले नाहीत, आणि दुसरा संच घेऊन आम्ही माझ्या जुन्या गाडीतून कामशेतला गेलो.

संतोषची पिठाची गिरणी होती, पवनेकडच्या रस्त्यावर, तांदळाच्या दुकानांच्या मागे. चाळिशीला टेकलेला माणूस. भुवया, मिशा, कान, सगळं पिठाने पांढरं. डाव्या हाताने डबा उचलायचा आणि उजवा हात नुसता हुकासारखा वाकवून खालून आधार द्यायचा. बाईंना बघून डबा खाली ठेवला.

"मॅडम? या की. हितं बसा."

बाई बसल्या नाहीत. कागद पुढे केला. दळणाला आलेल्या दोन बायका डबे घेऊन उभ्या होत्या, गिरणीचा खडखडाट चालू होता. संतोषने हात झटकला, शर्टाला पुसला, कागद घेतला. पाचच वाक्यं होती, पण त्याला फार वेळ लागला.

"आता कशाला, मॅडम?"

"उशीर झाला."

"लय झाला." तो रागावला नव्हता. वजनात किती भरलं ते सांगावं तसं सांगत होता. "मला म्हाईतच व्हतं. दोन्ही हातानं आवळला व्हता मी लॉक. पर आबाला कोन सांगनार? संस्थेचा कागद खोटा आसल का, म्हनायचा. घास घेताना माझा हात बघायचा आन् म्हनायचा, तुझ्या बेफिकिरीनं झालं. मरेस्तवर म्हनत व्हता."

बाईंची नजर त्याच्या न मिटणाऱ्या तीन बोटांवर गेली. 

संतोषने मागच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "आये, हितं ये जरा." एक म्हातारी भिंतीला धरून आली. त्याने गिरणी बंद केली. एकदम अशी शांतता झाली की डब्यात पीठ बसल्याचासुद्धा आवाज यावा.

"तिला कमी ऐकू येतं," कागद बाईंना परत देत तो म्हणाला. "मोठ्यानं वाचा."

बाईंनी वाचलं. वर्कशॉपमध्ये वीस मशीनं चालू असताना शेवटच्या पोरापर्यंत पोचवायचा तो आवाज होता. रस्त्यावरून जाणारा एक जण थांबला. शेवटचं वाक्य वाचून झालं तरी बाईंनी कागद तसाच धरला होता.

"ही कोन रं?" म्हातारीने विचारलं.

"माझ्या मॅडम."

म्हातारीने बाईंना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "माझा पोरगा आसं करायचा न्हाई, ह्ये मला ठावं व्हतं. मला सांगून काय उपेग, बाई? त्यास्नी सांगाया पायजे व्हतं. चार वर्सं झाली त्यास्नी जाऊन."

"हो," बाई म्हणाल्या. एवढंच. एकटीची मिळकत नाही, हंगामी नोकरी नाही, साहेब नाही. नुसतं हो.

दारातल्या बायकांपैकी एक चुळबुळली. दुपार होत आली होती, घरी भाकऱ्या थापायच्या असतील. संतोषचा हात गिरणीच्या बटणाकडे गेला आणि मधेच थांबला.

"परत एकदा वाचा, मॅडम."

"परत?"

"ह्या बाया मघाशी नुस्त्याच उभ्या व्हत्या. कशाचं वाचताय त्ये त्यास्नी ध्येनात आलं न्हाई. ह्या समद्या आळीला म्हाईत हाय माझा हात कशानं गेला. आता ह्ये बी म्हाईत व्हऊ द्या."

बाईंनी परत वाचलं. 'काहीही चूक नव्हती' या शब्दांशी आवाज चिरकला. संतोष मदतीला आला नाही. बाईंनी घसा साफ करून ते वाक्य पहिल्यापासून वाचलं. त्या दोन बायकांनी डबे खाली ठेवून ऐकलं.

मग बाई म्हणाल्या, "ते मशीन मी आणलंय. सरळ केलंय. तू ये. डाव्या हाताने कसं चालवायचं ते मी शिकवीन."

मला वाटलं, तो हो म्हणेल. आपल्याला वाटतं तसं. संतोष आपल्या उजव्या हाताकडे बघून हसला. "न्हाई मॅडम. आता गिरनीच बरी हाय." त्याने कागदाची घडी घालून आईच्या हातात दिली, चहाचं विचारलं, आम्ही नको म्हणालो, त्याने आग्रह केला नाही. गिरणी सुरू झाली. आम्ही निघालो.

कार्ल्याच्या फाट्याच्या पुढं बाई म्हणाल्या, "गाडी बाजूला घ्या."

घेतली. त्या उतरल्या आणि शेताकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी काच खाली केली, तशा मागे न वळता म्हणाल्या, "तुम्ही पुढं बघा, सेक्रेटरी."

मी पुढं बघितलं. बराच वेळ. ट्रक जात राहिले. मग दार उघडलं, त्या बसल्या, म्हणाल्या, "चला." 

जिन्यात मंगल भेटली. आमची तोंडं बघून तिने काही विचारलं नाही, फक्त नेहमीचं विचारलं, "बाई, जेवलात का?" सहा महिने ती हे रोज विचारत होती आणि बाईंचं उत्तर रोज एकच असायचं: झालंय. त्या कधी जेवतात, काय जेवतात, कुणाबरोबर जेवतात, आम्हाला आजवर कळलं नव्हतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "नाही जेवले."

आणि चपला काढून आमच्या घरात आल्या.